पाटी केवढी असावी?

मराठी माणसाच्या शिक्षणाची सोबत पाटीने जितकी केली आहे, तितकी फार थोड्या वस्तूंनी केली असेल. आपल्या पणजोबांच्या काळी लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून तिच्यावर बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवीत असत. 'धुळाक्षरे' हा शब्द त्या धूळपाटीने भाषेला दिला. पुढे दगडी पाटी आली. काळा दगड, भोवती लाकडी चौकट, पेन्सिलीचा तुकडा आणि पुसायला ओले फडके, एवढा तिचा सरंजाम. आंध्र प्रदेशातील मार्कापूर हे गाव अशा पाट्यांच्या दगडासाठी देशभर प्रसिद्ध झाले. त्यानंतर पत्र्याची पाटी आली, प्लॅस्टिकची आली आणि आता काचेची आली आहे. हिला सगळे टॅब म्हणतात. या यंत्राच्या इंग्रजी नावाचा मूळ अर्थही पाटी असाच आहे. मोशेला मिळालेल्या आज्ञा ज्या दोन दगडी पाट्यांवर कोरलेल्या होत्या, त्यांना इंग्रजी बायबलात हाच शब्द योजलेला आहे. त्या पाट्या केवढ्या होत्या हे शास्त्रात सांगितलेले नाही. दोन हातांत दोन पाट्या घेऊन तो डोंगर उतरला, एवढे मात्र 'अनुवाद' या पुस्तकावरून कळते.

पाटी केवढी असावी, या प्रश्नाचा विचार करण्याचे कारण आम्हांला कधी पडले नव्हते. घरात पहिला टॅब आला तेव्हा दुकानदाराने पुढे केला तो घेतला, इतकेच. परंतु स्वतःसाठी वस्तू घेणे वेगळे आणि दुसऱ्यांच्या मुलांसाठी घेणे वेगळे. शहापूर तालुक्यात किन्हवलीच्या परिसरातील एका आदिवासी पाड्यावर संध्याकाळची अभ्यासिका चालते. बारावी झालेली तिथलीच एक ताई ती चालवते. मुले तीस-बत्तीस, बहुतेक ठाकर आणि कातकरी. आमच्या धर्मग्रामातील आम्हां पाच-सहा जणांचा त्या अभ्यासिकेशी काही वर्षांचा संबंध आहे. तिच्यासाठी टॅब घ्यावेत असे ठरले आणि वर्गणी जमली ती एक लाख साठ हजार रुपये. चौकशी केली तेव्हा कळले की या रकमेत आठ इंची लहान टॅब सोळा येतात आणि अकरा इंची मोठे टॅब दहा. सोळा की दहा, या साध्या त्रैराशिकाने आमचा जवळजवळ एक महिना घेतला.

वसईहून शहापूरला जाताना आम्हांला नेहमी जाणवते की हा मुलूख परका नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तोवर वसई, शहापूर, मुरबाड ही सारी एकाच ठाणे जिल्ह्याची लेकरे होती. शहापूर तालुका मुंबईची तहान भागवतो. तानसा, मोडकसागर, भातसा हे जलाशय त्याच्याच अंगाखांद्यावर आहेत. उन्हाळ्यात मात्र त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर बायका टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. अशा ठिकाणी वर्गणीच्या पैशाने काचेची पाटी घेऊन जायची, तर ती नेमकी कोणाच्या हातात पडणार आणि तिचा उपयोग काय होणार, याचा हिशेब चोख असला पाहिजे, असे आम्हां सर्वांनाच वाटत होते.

टॅब ही गोष्ट शहापूरला नवी नाही. याच तालुक्यातील पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक संदीप गुंड यांनी मागील दशकाच्या पूर्वार्धातच मुलांच्या हातात टॅब दिले आणि ती शाळा 'डिजिटल शाळा' म्हणून महाराष्ट्रभर गाजली. ठिकठिकाणचे शिक्षक ती पाहायला येत. त्यामुळे आदिवासी पाड्यावरची मुले हे यंत्र वापरतील का, ही शंका आमच्यापैकी कोणालाच नव्हती. प्रश्न आकाराचा होता आणि आकाराच्या प्रश्नावर मोठमोठ्यांचेही मतभेद झालेले आहेत.

२०१० मध्ये ॲपल कंपनीने पहिला आयपॅड विकायला काढला, तेव्हा त्याचा पडदा ९.७ इंचांचा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी सात इंची टॅबची यथेच्छ टिंगल केली. असला टॅब वापरायचा तर माणसाला आपली बोटे पॉलिश पेपरने घासून बारीक करून घ्यावी लागतील, अशा आशयाचे ते बोलले होते. पुढील वर्षी, ५ ऑक्टोबर २०११ रोजी, दिल्लीत त्या वेळचे मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते 'आकाश' या स्वस्त टॅबचे उद्घाटन झाले. तो सात इंचांचाच होता. भारतातील विद्यार्थ्याला परवडेल अशी काचेची पाटी देण्याचे ते स्वप्न होते आणि परवडायचे म्हणजे लहान, हे त्यात गृहीत होते. नेमक्या त्याच तारखेला अमेरिकेत जॉब्ज यांचे निधन झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, त्यांच्याच कंपनीने ७.९ इंचांचा लहान आयपॅड बाजारात आणला आणि लोकांनी तो आनंदाने घेतला. तेव्हा लहान चूक आणि मोठा बरोबर, किंवा याच्या उलट, असा निवाडा करण्यात अर्थ नाही. प्रश्न कामाचा आहे.

पहिली गोष्ट आमच्या ध्यानात आली ती इंचांच्या फसवेपणाची. टॅबचा आकार सांगतात तो पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचा, म्हणजे कर्णाचा. आठ आणि अकरा यांत फरक तीनच इंचांचा दिसतो. परंतु पडद्यांची ठेवण सारखी असेल, तर क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आठाचा वर्ग ६४, अकराचा १२१. म्हणजे मोठ्या पाटीवर लहान पाटीच्या जवळजवळ दुप्पट जागा. आमच्यातील एका निवृत्त गणितशिक्षकांनी हे कागदावर मांडून दाखवले, तेव्हा हिशेबाचे चित्रच पालटले. सोळा लहान पाट्यांची मिळून जेवढी लिहिण्या-वाचण्याची जागा होते, तिच्याहून दहा मोठ्या पाट्यांची अधिक होते. आणखी एक ताळा त्यांनी दिला. झेरॉक्सच्या नेहमीच्या कागदाची मधोमध घडी घातली की जे अर्धे पान होते, त्याचा कर्ण दहा इंचांहून किंचित अधिक भरतो. म्हणजे अकरा इंची टॅब हा या अर्ध्या पानाहून थोडा मोठा आणि आठ इंची त्याहून बराच लहान.

हे महत्त्वाचे अशासाठी की अभ्यासिकेत मुख्यतः वाचायची असतात ती बालभारतीची पुस्तके. ती संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि पाड्यावर मोबाईलची रेंज कधी असते, कधी नसते, म्हणून आम्ही ती आधीच उतरवून नेणार होतो. परंतु ही पुस्तके छापील पानाच्या आकारासाठी रचलेली असतात. लहान पडद्यावर अख्खे पान बसवले की अक्षरे आकसतात. मग दोन बोटांनी पान ताणायचे. ताणले की अर्धे पान पडद्याबाहेर जाते. चित्र वर राहते आणि त्याखालचा प्रश्न खाली हरवतो. वाचनात मुरलेल्या माणसाला याचे काही वाटत नाही. जे मूल एकेका ओळीवर बोट ठेवून वाचते, त्याची ओळच सुटते.

त्यातून आपली लिपी देवनागरी. इंग्रजी अक्षर एका ओळीत निमूट बसते. आपले अक्षर डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार घेते, पायाशी उकार घेते आणि मधल्या मजल्यावर जोडाक्षरांची दाटी करते. त्यामुळे त्याला वर-खाली अधिक जागा लागते. अक्षर बारीक झाले की पहिला बळी जातो तो अनुस्वाराचा. चिंता आणि चिता यांत एका बिंदूचाच फरक आहे, असे म्हणतात. तो बिंदूच दिसला नाही तर वाचणाऱ्याने काय करावे? आठ इंचांवर एका मुलाने 'अंगण' हा शब्द तीनदा 'अगण' असा वाचला. अनुस्वार त्याला येत नव्हता असे नाही. फळ्यावर ताईने तोच शब्द लिहिला, तेव्हा त्याने तो एका दमात वाचला.

हे आम्हांला कळले, कारण खरेदीपूर्वी ओळखीच्या दोघांकडून एक लहान आणि एक मोठा असे दोन टॅब मागून आणून आम्ही ते आठवडाभर अभ्यासिकेत ठेवले होते. ताईला एवढेच सांगितले की मुलांना मुद्दाम काही शिकवू नये, फक्त पाहावे. तिने जे टिपून ठेवले, ते आमच्या साऱ्या चर्चेहून मोलाचे ठरले. लहान टॅब मूल हातात धरते, आणि ज्याने धरला तो त्याचा मालक होतो. शेजारचे मूल मान वाकडी करून पाहत राहते आणि थोड्या वेळाने कंटाळून उठते. मोठा टॅब हातात फार वेळ पेलवत नाही. त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास, वर रबरी कवच चढवले की आणखी जास्त. म्हणून मुले तो जमिनीवर ठेवतात आणि ताटाभोवती बसावे तशी त्याच्याभोवती बसतात. एक वाचतो, दुसरा बोट फिरवतो, तिसरा चूक काढतो. "सर, लहानावर मुलं भांडतात आणि मोठ्यावर बोलतात," असे ताईने आमच्या गणितशिक्षकांना सांगितले.

एक बाजू अशी जड झाली असली तरी लहान पाटीचे गुण नाकारता येत नव्हते. तिचे वजन मोठीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. दप्तरात ती वहीसारखी सरकते. तिला वीज कमी लागते, आणि पाड्यावर पावसाळ्यात वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही. सौर दिव्याच्या लहानशा पट्टीवरही ती हळूहळू भरते. पडून फुटली तर नुकसान कमी. शिवाय वस्तू सोळा असल्या की दोन मुलांमागे एक येते, दहा असल्या की तीन मुलांमागे एक. देणाऱ्यांच्या दृष्टीने सोळा हा आकडा अधिक शोभिवंत होता, हेही खरे. अहवालात तो चांगला दिसला असता.

या सुमारास आम्ही मुरबाडला गेलो. शहापूरहून किन्हवली, सरळगाव असा रस्ता धरला की मुरबाड तालुका लागतो. मुरबाडच्या फांगणे या गावाचे नाव वाचकांनी ऐकले असेल. तेथे ८ मार्च २०१६ रोजी, महिलादिनी, शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठीच्या पुढच्या आजीबाई गुलाबी नऊवारी नेसून, खांद्याला दप्तर लावून, हातात पाटी घेऊन शाळेत निघाल्या. ती छायाचित्रे जगभर गेली. ज्यांनी आयुष्यभर कागदावर अंगठा उमटवला, त्या आपले नाव लिहू लागल्या. आम्ही गेलो होतो ते त्याच तालुक्यातील दुसऱ्या एका गावी. फांगण्याची गोष्ट ऐकून तिथल्याही चार-पाच म्हाताऱ्या दुपारच्या वेळी नातवंडांच्या पुस्तकांशी झटापट करीत असतात. आमच्याजवळ दोन्ही टॅब होते, ते त्यांच्यापुढे ठेवले.

एका आजींनी लहान टॅब डोळ्यांपासून दूर, हात पूर्ण लांब करून धरला. उतारवयात जवळचे दिसेनासे होते, म्हणून माणूस वस्तू दूर नेतो. पण दूर नेली की अक्षर आणखी लहान होते. आजी हसून म्हणाल्या, "बाबा, ह्या मुंग्या हायत. हालतात का थांबल्यात ते बी कलत नाय." मग त्यांनी मोठ्या टॅबवर बोट ठेवले. त्या बोटाची कथा वेगळीच. जन्मभर भात लावून, गवत कापून, शेण थापून त्वचा इतकी कोरडी आणि राठ झालेली की काचेला स्पर्श झाल्याचे कळेना. हे पडदे बोटातून वाहणाऱ्या अतिसूक्ष्म विजेवर चालतात. बोट फार राठ असले किंवा काच पाण्याने ओली असली की ते गोंधळतात. 'आकाश'चा पहिला पडदा दाबावर चालणारा होता. तो मंद म्हणून लोकांनी त्याला नावे ठेवली, पण अशा बोटाला कदाचित तोच मानवला असता. आजींनी बोट ओठाला लावून किंचित ओलावले, पुन्हा टेकवले आणि या वेळी मोठ्या पडद्यावरचे चौकोनी बटण दबले. तेच बटण लहान पडद्यावर त्यांच्या बोटाखाली पूर्ण झाकले जात होते आणि शेजारचे दबत होते.

परतताना आम्ही फारसे बोललो नाही. सर्वांच्या मनात एकच विचार होता. नवशिक्याला जागा जास्त लागते. धूळपाटीवर मूल प्रथम हातभर अक्षर काढी, कारण सुरुवातीला हात खांद्यापासून फिरतो. मनगट आणि बोटे नंतर वळणावर येतात. बारीक अक्षर ही सरावलेल्या माणसाची चैन आहे. आम्ही शहरातली माणसे लहान टॅबवर सुखाने वाचतो, कारण निम्मा शब्द डोळा वाचतो आणि निम्मा सवय वाचते. ज्याच्यापाशी ती सवय नाही, त्याला देताना आपल्या सोयीचे माप लावणे योग्य नव्हे. आणि ज्यांच्या घरी मोबाईल आहे त्यांच्या मोबाईलचा पडदाही आता साडेसहा इंचांच्या घरात गेला आहे. त्याहून थोडीशीच मोठी पाटी देऊन आपण नवीन असे फार काही देत नव्हतो.

अशा रीतीने दहा मोठे टॅब घेण्याचे जवळजवळ निश्चित झाले होते. तेवढ्यात ताईने एक साधा प्रश्न विचारला. "दिवाळीनंतर जी जाणार त्यांचं काय?"

कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, हे आम्हांला ठाऊक होते. उचल आधीच घेतलेली असते. ती फेडायला नवरा, बायको आणि कच्चीबच्ची मिळून भट्टीशेजारच्या खोपटात सहा महिने काढतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अभ्यासिकेतील सात मुले अशी जाणार होती. त्यांत पाचवीतील एक मुलगी होती. सगळ्यांत उशिरा वाचायला लागली आणि आता सगळ्यांत मोठ्याने वाचत होती. मागील वर्षी ती गेली तेव्हा तिला जोडाक्षरे येत होती. परत आली तेव्हा काना-मात्रेपासून पुन्हा आरंभ करावा लागला होता. मोठे टॅब अभ्यासिकेच्या कपाटात राहणार. अर्धा किलोची, ताटाएवढी काच भट्टीवरच्या खोपटात, विटांच्या धुळीत कोण सांभाळणार? दहा मोठ्या पाट्या म्हणजे या सात मुलांसाठी शून्य पाट्या, असा तो हिशेब होता.

त्या बैठकीत आवाज चढले. एकाचे म्हणणे, भट्टीवर दिलेला टॅब महिन्याभरात गहाण पडेल. दुसऱ्याचे म्हणणे, गरिबाच्या घरी वस्तू टिकत नाही हे आपण कोणत्या अनुभवावरून म्हणतो? तिसऱ्याने विचारले, चार्जिंग कोठे करणार? ताई शांतपणे म्हणाली की भट्टीवर मुकादमाच्या खोलीत वीज असते आणि आईबापांचे मोबाईल तिथेच चार्ज होतात. शेवटी आठ मोठे आणि तीन लहान असे ठरले. आठांचे एक लाख अठ्ठावीस हजार, तिघांचे तीस हजार. उरलेल्या दोन हजारांत रबरी कवचे आणि पावसासाठी जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या. जाणारी सात मुले तीन भट्ट्यांवर विखुरणार होती. प्रत्येक भट्टीमागे एक लहान टॅब. त्यावर पुस्तके होतीच. शिवाय ताईने स्वतःच्या आवाजात धडे वाचून त्यात भरून दिले, म्हणजे अक्षर बारीक वाटले तरी कान सोबतीला राहावा.

मे महिन्याच्या अखेरीस दोन लहान टॅब परत आले. एकाच्या काचेला कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तडा गेलेला होता, पण पडदा चालत होता. त्या पाचवीतील मुलीने तो दोन धाकट्या भावंडांसह वापरला होता आणि जोडाक्षरे या वेळी शाबूत होती. तिसरा टॅब आला नाही. ते कुटुंब भट्टीवरून पाड्यावर न येता परस्पर दुसरीकडे कामाला गेले. ते कोठे आहे हे ताई अजून विचारत असते. ती विचारते ते टॅबसाठी नव्हे. तो गेला म्हणून आमच्यापैकी कोणालाही हळहळ वाटली नाही. त्यात ताईचा आवाज आहे, आणि जिथे तो असेल तिथे दोन मुलेही आहेत, एवढे आम्हांला पुरे आहे.

आता अनेक घरांतून हा प्रश्न विचारला जातो. नाताळला नातवाला टॅब घ्यायचा, लहान घ्यावा की मोठा? आजोबांना वृत्तपत्र वाचायला हवा, कोणता बरा? दुकानदार किंमत सांगेल, वेग सांगेल, साठवण सांगेल. आमचे सांगणे एवढेच, की आधी तो कोण धरणार, किती जण पाहणार आणि तो कोठे राहणार, हे पाहावे. एकट्याने वाचायचे असेल, डोळे तरुण असतील आणि प्रवास असेल, तर लहान पाटी उत्तम. पाठ्यपुस्तक वाचायचे असेल, वाचणारा नवशिका किंवा वृद्ध असेल, आणि एकाहून अधिक डोकी एकत्र यावीत अशी इच्छा असेल, तर मोठीच घ्यावी, मग संख्येत दोन कमी आल्या तरी चालतील. आणि ज्याच्या पायाला भिंगरी आहे, ज्याचे घरच दर सहा महिन्यांनी उठते, त्याला पुन्हा लहानच द्यावी. पाटीचे माप दुकानात घेता येत नाही. ते घ्यायला ज्याला ती द्यायची त्याच्या उंबऱ्यापर्यंत जावे लागते, आणि उंबरा नसेल तर भट्टीपर्यंत.